.२२ रिमफायर बोल्ट ॲक्शन रायफल : पहिल्या निवडीचे निकष

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याची रायफलीशी पहिली ओळख बहुधा राष्ट्रीय छात्रसेनेच्या फायरिंगच्या दिवशी होते. समोर पंचवीस मीटरवर कागदी लक्ष्य, हाताखाली वाळूचे पोते आणि खांद्याला टेकलेली .२२ रायफल. बहुतेक कॅडेट आपल्या वाट्याच्या गोळ्या झाडून परततात. एखाद्याला मात्र या खेळाची गोडी लागते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्यापूर्वी २०१० मध्ये म्युनिक येथे कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद पटकावले होते. ही दोन्ही पदके ज्या काडतुसाची, तेच काडतूस छात्रसेनेच्या कॅडेटच्याही हाती असते.

गोडी लागलेला विद्यार्थी, किंवा हौस म्हणून या खेळाकडे वळलेला एखादा प्राध्यापक, लवकरच एक प्रश्न घेऊन येतो : पहिली रायफल कोणती घ्यावी? महाविद्यालयाचा क्रीडा विभाग क्लब सुरू करू पाहतो तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो. ‘परवडेल तेवढी महाग घ्यावी’ असे उत्तर सर्रास दिले जाते. हे उत्तर चुकीचे आहे आणि ते का चुकीचे आहे हे साध्या गणिताने दाखविता येते. प्रस्तुत लेखात ५० मीटर अंतरावरील हौशी लक्ष्यवेधाच्या मर्यादेत या निवडीचा विचार केला आहे.

रिमफायर काडतुसाचे स्वरूप

बोलीत ‘पॉइंट टू-टू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या काडतुसाचे पूर्ण नाव .२२ लाँग रायफल. १८४५ मध्ये फ्रान्समधील फ्लोबेर याने काठाला स्फोटक लावलेले पहिले काडतूस सिद्ध केले. १८५७ मध्ये अमेरिकेत.२२ शॉर्ट आले आणि १८८७ मध्ये .२२ लाँग रायफल. तेव्हापासून त्याच्या मूळ मापांत फारसा फरक पडलेला नाही. सुमारे २.६ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी, पातळ पितळी पुंगळी आणि पुंगळीच्या बुडाशी दुमडलेला काठ, अशी त्याची रचना असते. चेतक मिश्रण या पोकळ काठात फिरवून भरलेले असते. बोल्टमधील पिन काठावर आदळते, काठ चेपतो, मिश्रण पेटते आणि त्याची ज्वाला दारूपर्यंत पोहोचते.

या रचनेतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. काठ पिनेच्या आघाताने चेपला पाहिजे म्हणून पुंगळी पातळ ठेवावी लागते; साहजिकच आतील दाब मर्यादित राहतो, धक्का नगण्य असतो आणि मऊ शिशामुळे नळीची झीज अत्यल्प होते. दुसरी गोष्ट अशी की, झाडलेले काडतूस पुन्हा भरता येत नाही. मोठ्या रायफलींचे हौशी नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरून ती रायफलीला अनुरूप करून घेतात; .२२ च्या नेमबाजाला ती सोय नाही. कारखान्यातून आले ते काडतूस त्याला स्वीकारावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे काठातील मिश्रण सर्वत्र सारखे पसरलेले असेलच असे नाही, त्यामुळे एका काडतुसाच्या आणि दुसऱ्याच्या वेगात फरक पडतो. या फरकाचा परिणाम पुढे पाहू.

बोल्ट ॲक्शन रचना निवडण्यामागे कारण सरळ आहे. बोल्ट हाताने बंद केल्यावर काडतूस प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी, त्याच दाबाने बसते. हलणारे भाग कमी असतात. आणि बोल्ट मागे ओढून ठेवला की रायफल रिकामी आहे हे दुरूनही दिसते. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा आहे. मॅगझिन असलेल्या रायफलीपेक्षा एकेक काडतूस हाताने भरावयाची रायफल शिकाऊ व्यक्तीस अधिक हितकर ठरते. दोन गोळ्यांमध्ये आपोआप एक विराम पडतो आणि त्या विरामात मागील गोळीचा विचार होतो.

अचूकता रायफलीची आणि नेमबाजाची

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर. गोळीने वर्तुळाच्या रेषेला स्पर्श केला तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की पुरे. दुसऱ्या शब्दांत, जी रायफल आपल्या सर्व गोळ्या १६ मिलिमीटरच्या वर्तुळात टाकते तिने, पूर्णांकी गुणपद्धतीत, तत्त्वतः प्रत्येक गोळीला दहा गुण मिळविता येतील. चांगल्या बनावटीची साधी रायफल योग्य काडतुसाने या मर्यादेच्या आसपास पोहोचते.

आता नेमबाजाकडे वळू. रायफलीचा विखुर आणि नेमबाजाचा विखुर हे परस्परांपासून स्वतंत्र असल्याने त्यांची साधी बेरीज होत नाही. सांख्यिकीच्या परिचित नियमानुसार दोहोंच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ घ्यावे लागते. उदाहरणादाखल शिकाऊ नेमबाजाचा स्वतःचा विखुर ५० मिलिमीटर आणि रायफलीचा २० मिलिमीटर मानू. एकत्रित विखुर सुमारे ५४ मिलिमीटर येतो. त्याने कैकपट किंमत मोजून १० मिलिमीटर विखुराची रायफल घेतली, तर एकत्रित विखुर ५१ मिलिमीटर होईल. एवढ्या खर्चाचे फळ तीन मिलिमीटर! उलट जुनीच रायफल ठेवून, तिचा दस्ता अंगाला नीट बसवून आणि चाप सुधारून त्याचा स्वतःचा विखुर ५० वरून ४० वर आला, तर एकत्रित आकडा ४५ च्याही खाली येतो.

हेच गणित उलट बाजूनेही खरे आहे. ज्याचा स्वतःचा विखुर १५ मिलिमीटरपर्यंत आला आहे, त्याच्या हाती २० मिलिमीटरची रायफल असेल तर एकत्रित विखुर २५ येतो आणि १० मिलिमीटरची दिली तर १८. तेथे मात्र महाग रायफलीचे मोल वसूल होते. म्हणून पहिल्या रायफलीच्या बाबतीत नळीच्या अचूकतेची चौकशी शेवटी करावी. नेमबाजाचा विखुर जी रायफल वाढवणार नाही तिची निवड आधी करावी. दुकानात चर्चा नेमकी उलट क्रमाने चालते.

दस्त्याचे माप

नेमबाजाचा विखुर वाढविण्यात सर्वांत मोठा वाटा दस्त्याचा असतो. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर साधारणपणे ३३ ते ३५ सेंटिमीटर ठेवलेले असते. हे माप सरासरी उंचीच्या प्रौढ पुरुषाचे आहे. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या विद्यार्थिनीने अशी रायफल उचलली की तिचे बोट चापावर जेमतेम पोहोचते, डोके मागे झुकते, डावा कोपर रायफलीखालून निसटतो आणि तोल सांभाळण्यासाठी कंबर मागे कलते. तिच्या गोळ्या विखुरतात. ‘हिला नेम नाही’ असा शेरा मारला जातो आणि ती परत रेंजवर येत नाही. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालून कोणी बेढब दिसला तर दोष कोणाचा, हा प्रश्न येथे कोणी विचारत नाही. महाविद्यालयीन क्लबांमध्ये या एका कारणाने किती गुणी मुली गळत असतील याची नोंद कोठेही होत नाही.

म्हणून ज्या दस्त्याची लांबी फळ्या घालून वा काढून बदलता येते, तो पहिला पसंत करावा. गालाचा टेकू वरखाली होत असेल तर उत्तमच. परीक्षा सोपी आहे : रायफल रिकामी असल्याची खात्री करून, झोपून घ्यावयाच्या स्थितीत डोळे मिटून ती खांद्याला लावावी, गाल सहज टेकवावा आणि डोळे उघडावेत. मागील छिद्रातून पुढील वर्तुळ मान न हलवता दिसले तर माप जुळले. मान ताणावी वा चेपावी लागली तर तो ताण साठाव्या गोळीपर्यंत वाढतच जाणार.

वजनाबाबत दोन टोके टाळावीत. अडीच-तीन किलोग्रॅमची शिकारी धाटणीची रायफल उभ्या स्थितीत हृदयाच्या ठोक्यासरशी हलते. स्पर्धेची कमाल मर्यादा ८ किलोग्रॅम असली तरी तेवढे ओझे नवख्याच्या पाठीला झेपत नाही. साडेतीन ते पाच किलोग्रॅमच्या दरम्यानची, जाड नळीची रायफल पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी योग्य समजावी. डावखुऱ्या व्यक्तीने, तसेच जिचा डावा डोळा प्रधान आहे तिने, डाव्या बाजूच्या बोल्टची रायफल मिळते का हे आधी पाहावे. प्रधान डोळा ओळखण्यासाठी दोन्ही तळव्यांच्या फटीतून दूरची वस्तू पाहावी आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो प्रधान.

महाराष्ट्राच्या हवामानाचा एक मुद्दा येथे नोंदविणे आवश्यक आहे. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात लाकडी दस्ता ओलावा शोषून फुगतो, नळी व दस्ता यांच्यातील दाब बदलतो आणि जूनमध्ये जुळवलेला नेम ऑगस्टमध्ये सरकलेला आढळतो. बिघाड रायफलीत नसून लाकडात असतो. ॲल्युमिनियमचा वा थरांच्या लाकडाचा दस्ता ही अडचण बरीच कमी करतो.

चाप आणि दर्शक

चाप म्हणजे ट्रिगर. त्याचे वजन फार हलके असण्याची गरज नाही. सुमारे एक किलोग्रॅमचा, पण प्रत्येक वेळी त्याच बिंदूवर सुटणारा चाप नवख्यास पुरतो. दोन टप्प्यांचा चाप अधिक बरा, कारण पहिल्या टप्प्याच्या शेवटी बोटाला स्पष्ट थांबा जाणवतो. सुटताना खरखरणारा किंवा ताणला जाणारा चाप मात्र नाकारावा. नळी कितीही उत्तम असली तरी असा चाप झटका देण्याची सवय लावतो आणि ती सवय मोडायला ती लागण्यापेक्षा अधिक काळ जातो.

दर्शकाच्या बाबतीत ५० मीटर रायफल स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्राचा डायऑप्टर आणि पुढे नळकांड्यातील वर्तुळ अशी जोडी वापरली जाते. बारीक छिद्रातून पाहिले असता जवळची व दूरची वस्तू एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. चाळिशीनंतर या खेळाकडे वळणाऱ्या अध्यापकांना उघड्या माशीपेक्षा छिद्रदर्शक का सुखावतो, याचे उत्तर येथे आहे. केवळ हौसेसाठी दुर्बीण लावावयाची असेल तर ती रिमफायरसाठी, म्हणजे सुमारे ४५ ते ५० मीटरवर पॅरालॅक्स जुळवलेली आहे याची खात्री करावी. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा ९० मीटर वा त्याहून अधिक अंतरासाठी जुळवलेल्या असतात. ५० मीटरवर डोळा किंचित सरकला तरी त्यांतील काटा लक्ष्यावरून सरकतो.

काडतुसाची परीक्षा

.२२ ची गोळी नळीतून साधारणपणे ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाने बाहेर पडते आणि ५० मीटर अंतर कापायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतो. एवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. दोन काडतुसांच्या वेगात १० मीटर प्रतिसेकंदाचा, म्हणजे तीन टक्क्यांचा फरक असेल तर ही घसरण सहा टक्क्यांनी बदलते आणि गोळी सुमारे ७ मिलिमीटर वर वा खाली लागते. दहा गुणांची मर्यादा ८ मिलिमीटरची. नेमबाजाने काहीही चूक न करता गुण का जातो, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

अधिक वेगवान काडतूस अधिक चांगले, हा समजही येथेच दूर व्हावा. पंचवीस अंश तापमानाला ध्वनीचा वेग सुमारे ३४६ मीटर प्रतिसेकंद असतो. या वेगाच्या आसपास हवेचा विरोध एकाएकी वाढतो. त्यामुळे ३८० मीटर प्रतिसेकंदाने निघालेली गोळी झपाट्याने वेग गमावते, आणि वारा गोळीला किती सरकवतो हे तिच्या प्रवासाच्या एकूण वेळेवर नव्हे तर हवेने तिला किती मागे खेचले यावर अवलंबून असल्याने, वेगवान गोळी वाऱ्यात संथ गोळीपेक्षा अधिक सरकते. लक्ष्यवेधासाठी ध्वनीपेक्षा कमी वेगाचे काडतूसच योग्य.

एकाच बनावटीच्या दोन रायफलींना वेगवेगळी काडतुसे मानवतात, हा अनुभव जगभरचा आहे. रायफल घेताना तीन-चार प्रकारच्या काडतुसांच्या दहा-दहा गोळ्या, टेकू देऊन, ५० मीटरवर झाडून पाहाव्यात. पाच गोळ्यांचा एखादा घट्ट पुंजका योगायोगानेही जमतो. जे काडतूस मानवले त्याच्या डबीवरील लॉट क्रमांक टिपून ठेवावा आणि शक्य तितका साठा त्याच लॉटचा घ्यावा. रायफलीवर खर्च करावयाच्या रकमेतील काही भाग काडतुसांसाठी राखून ठेवणे हे शहाणपणाचे आहे. वर्षभर कपाटात पडून राहिलेल्या उंची रायफलीपेक्षा दर आठवड्याला पन्नास गोळ्या झाडणारी साधी रायफल अधिक शिकवते.

उपलब्ध रायफली व वापरलेल्या रायफलीची तपासणी

परदेशांत पहिली रायफल म्हणून चेक प्रजासत्ताकातील सीझेड कंपनीच्या ४५२, ४५५ आणि २०१९ पासूनच्या ४५७ या मालिकांचे नाव वारंवार घेतले जाते. जर्मनीच्या आन्शुट्झचा ६४ या साध्या ॲक्शनवरील १९०३ हा प्रकार क्लबांमध्ये, तर ५४ या भारी ॲक्शनवरील १९०७ स्पर्धकांमध्ये परिचित आहे. भारतात सामान्य परवानाधारकास परदेशी रायफल स्वतः आयात करण्याची वाट खुली नाही; ती सवलत मान्यताप्राप्त नेमबाजांपुरती आहे. देशी पर्याय पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याचा. हा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. परिणामी आपल्याकडे निवड बरेचदा देशी रायफल आणि एखाद्या ज्येष्ठ नेमबाजाने वापरलेली परदेशी रायफल यांच्यातच होते.

वापरलेली रायफल पाहताना लाकडावरील ओरखड्यांकडे दुर्लक्ष करावे. नळीच्या तोंडाची कडा मात्र भिंगातून तपासावी. तेथे खवला उडाला असेल तर गोळी बाहेर पडताना एका बाजूने वायू आधी निसटतो आणि तिला कलंडवतो. समोरून गज घालून सफाई करण्याची सवय हे या दोषाचे नेहमीचे कारण आहे. नंतर काडतूस बसते त्या कोठीच्या कडेवर पिनेच्या आघाताचा खळगा आहे काय हे पाहावे. रिमफायरची पिन काठावर आदळत असल्याने कोठी रिकामी ठेवून चाप ओढल्यास काही रायफलींत ती थेट पोलादी कडेवर आपटते. खळगा पडला की काडतूस नीट बसत नाही. आधुनिक रायफलींत पिन आधीच अडेल अशी योजना असते, तरी निर्मात्याची सूचना वाचल्याशिवाय कोरडा सराव करू नये. किती गोळ्या झाडल्या या प्रश्नाला त्यामानाने महत्त्व कमी, नीट राखलेली.२२ ची नळी हजारो गोळ्या सहज पचवते.

परवाना, क्लब आणि सुरक्षितता

.२२ रायफल हे शस्त्र अधिनियम १९५९ खालील परवान्याचे शस्त्र आहे. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. शस्त्र नियम २०१६ नुसार सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास दोनच शस्त्रे बाळगण्याची मुभा राहिली आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे वा पोलीस आयुक्तालयात करावयाचा असतो आणि निर्णयाला वेळ लागतो.

हा काळ वाया जाण्याचे कारण नाही. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यास क्लबच्या रायफलीने रेंजवर सराव करता येतो. मुंबईत वरळीला आणि पुण्यात बालेवाडीला रेंज आहेत. बालेवाडीची रेंज २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धांसाठी उभी राहिली. ग. वा. मावळणकर हे लोकसभेचे पहिले सभापती म्हणून सर्वांना माहीत असतात. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही ते पहिले अध्यक्ष होते आणि नवोदितांच्या राष्ट्रीय पातळीवरील पात्रता स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरतात. ज्याला क्लब दूर आहे, त्याने ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलीवर दहा मीटरचा सराव सुरू करावा. २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या अशा रायफलीला परवाना लागत नाही. स्थिती, श्वास आणि चाप या तिन्हींचे शिक्षण तिच्यावर जवळजवळ पूर्ण होते. अनेकांच्या बाबतीत खरी पहिली रायफल हीच असायला हवी.

रेंज उभारू पाहणाऱ्या महाविद्यालयांनी .२२ ला लहान समजू नये. उंचावून झाडलेली ही गोळी दीड किलोमीटरहून अधिक दूर जाते आणि कठीण जमिनीवरून वा पाण्यावरून उसळते. लक्ष्यामागे मातीचा उंच, दगडविरहित बांध असल्याखेरीज एकही गोळी झाडू देऊ नये. बंदिस्त रेंजमध्ये शिशाची धूळ व वाफ साठत असल्याने हवा खेळती हवी. कानांचे संरक्षण सर्वांनी वापरावे आणि सरावानंतर डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी. क्लबच्या दोन रायफली घ्यावयाच्या झाल्यास त्यांपैकी एकीचा दस्ता आखूड असावा आणि जोडीला लांबी वाढविण्याच्या फळ्या असाव्यात. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे त्याच्या मापाच्या फळ्यांची संख्या, टेकूची उंची आणि काडतुसाचा लॉट क्रमांक वहीत लिहून ठेवला, म्हणजे पुढच्या आठवड्यात तो रेंजवर आल्यावर रायफल त्याच्या मापाने पुन्हा जुळवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.